अपग्रेडच्या कालबाह्य सूचना मॅन्युअलमधून काढून टाका : मुक्त सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मुक्त सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिणारे आणि सांभाळणारे सर्व स्वयंसेवक,

स. न. वि. वि.

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या काही कॉलेजांचे आणि सार्वजनिक वाचनालयांचे सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर म्हणजे बहुतेक ठिकाणी पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवलेला एक जुना डेस्कटॉप, त्याला जोडलेला यूपीएस, आणि बटणावर चिकटवलेला ‘बंद करू नये’ असा कागद. त्यावर चालतं ते सगळं तुम्ही लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर. या वाचनालयांकडे परवान्याला द्यायला पैसे नसतात आणि मराठी नोंदी नीट घेणारं दुसरं काही त्यांच्या आवाक्यात नसतं. तेव्हा हे पत्र तक्रारीच्या सुरात वाचू नका. तुमच्या कामावर माझं घर चालतं.

माझी मागणी एकच आहे. अपग्रेडच्या ज्या सूचना आज चालू असलेल्या कुठल्याही आवृत्तीला लागू होत नाहीत, त्या चालू मॅन्युअलमधून काढून टाका. त्यांच्यावर ‘जुनी माहिती’ अशी पट्टी लावून त्या तशाच ठेवू नका, पानाच्या तळाशीही सरकवू नका. काढाच. मी एवढा आग्रह का धरतो आहे ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचं ग्रंथालय-सॉफ्टवेअर अपग्रेड करायला गेलो होतो. असली कामं सुट्टीतच करावी लागतात, कारण एरवी देवघेव थांबवता येत नाही. ग्रंथपाल मॅडम घरचा फराळ आटोपून मुद्दाम कुलूप उघडायला आल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या अधिकृत मॅन्युअलमधलं अपग्रेडचं पान मी छापून नेलं होतं, कारण तिथलं इंटरनेट भरवशाचं नव्हतं. पहिली पायरी होती बॅकअपची. त्यातच लिहिलं होतं की डेटा लॅटिन-१ म्हणून बाहेर काढा, मग फाइलमध्ये जिथे जिथे लॅटिन-१ असं लिहिलेलं आहे तिथे यूटीएफ-८ करा, जुना डेटाबेस काढून टाका, नवा बनवा आणि फाइल आत भरा. (लॅटिन-१ आणि यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या दोन पद्धती: पहिलीत रोमन अक्षरं तेवढी बसतात, दुसरीत देवनागरीसकट सगळ्या लिप्या.) मी एकेक ओळ टाकत गेलो. कुठेही चूक दाखवली नाही. शेवटी सॉफ्टवेअर सुरू केलं, शोधाच्या चौकटीत एका इंग्रजी क्रमिक पुस्तकाचं नाव टाकलं, पुस्तक सापडलं. लेखक, प्रकाशन, दाखल क्रमांक सगळं जागच्या जागी होतं. मी आवरायला लागलो.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि सवयीनं मराठी कादंबऱ्यांची यादी उघडली. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, आपली मराठी पुस्तकं कुठं गेली?”

पडद्यावर प्रश्नचिन्हं होती. नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, लेखकाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, मध्ये शब्दांच्या मोकळ्या जागा तेवढ्या शाबूत. यूटीएफ-८ मध्ये ‘मराठी’ हा शब्द पाच खुणांचा असतो: म, र, काना, ठ आणि वेलांटी. म्हणून त्याची पाच प्रश्नचिन्हं होतात. प्रश्नचिन्हं मोजून आणि दाखल क्रमांक बघून मॅडम काही पुस्तकं ओळखत होत्या. “हे सात आणि चार, म्हणजे ते असणार,” असं पुटपुटत त्यांनी सात-आठ नावं सांगितली. साधारण नऊ हजार मराठी नोंदी होत्या. आणि जी फाइल मी बॅकअप म्हणून धरून बसलो होतो, तीसुद्धा त्याच लॅटिन-१ च्या वाटेनं बाहेर काढलेली होती. तिच्यातही प्रश्नचिन्हंच.

वाचलो ते तिथल्या शिपाईमामांमुळे. दर गुरुवारी संध्याकाळी एका पेन ड्राइव्हवर कॉपी काढायची, असं मीच कधीतरी त्यांना शिकवलं होतं आणि मग विसरून गेलो होतो. ते विसरले नव्हते. ती कॉपी चांगली होती. गुरुवारनंतर दाखल झालेली पुस्तकं तेवढी गेली. ती मॅडमनी भाऊबीजेनंतर दाखल नोंदवहीतून बघून पुन्हा भरली, आणि त्या पानांवर पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. त्या खुणा अजून आहेत.

आता ती सूचना मुळात कुठून आली, हे जरा खोलात जाऊन सांगायला हवं, कारण ती कुणी मूर्खपणानं लिहिलेली नव्हती. मायएसक्यूएल या डेटाबेसची ४.१ ही आवृत्ती २००४ साली आली. तोपर्यंत त्या डेटाबेसला यूटीएफ-८ ही गोष्टच ठाऊक नव्हती. त्याचा ठरलेला अक्षरसंच लॅटिन-१ होता. तरी लोक त्यात देवनागरी ठेवायचे. प्रोग्रॅम यूटीएफ-८ चे बाइट पाठवायचा, डेटाबेस ते लॅटिन-१ समजून जसेच्या तसे साठवायचा आणि मागितले की जसेच्या तसे परत द्यायचा. दोघांचा गैरसमज एकमेकांना पूरक होता, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसायचं. ४.१ मध्ये डेटाबेस शहाणा झाला आणि हा मेळ मोडला. देवनागरीच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ए, मागोमाग चलनाचं गोल चिन्ह, मधूनच जपानी येनचं चिन्ह, अशी रांग दिसायला लागली. त्या काळात संगणकावर मराठी वापरलेल्या प्रत्येकानं ही रांग पाहिली आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे मी चालवलेल्या त्याच पायऱ्या. लॅटिन-१ म्हणून बाहेर काढलं की बाइट न बदलता बाहेर येतात, मग त्यांना त्यांचं खरं नाव द्यायचं आणि आत भरायचं. त्या दिवसांत हा उपाय अचूक होता आणि लिहिणाऱ्यानं कित्येकांच्या नोंदी वाचवल्या असतील. पण आमच्या कॉलेजचा डेटाबेस पहिल्या दिवसापासून खराखुरा यूटीएफ-८ होता. त्यातून लॅटिन-१ मागितलं की डेटाबेस इमानदारीनं रूपांतर करतो, आणि लॅटिन-१ मध्ये देवनागरीला घरच नाही. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. ही त्याच्या लेखी चूक नसते, म्हणून तो तक्रारही करत नाही. एके काळी डेटा वाचवणाऱ्या त्याच ओळी आता डेटा पुसत होत्या. ओळींमध्ये काहीच बदललं नव्हतं, खालची जमीन बदलली होती.

नंतर मी त्या पानाचा सगळा इतिहास काढून बघितला. मूळ लेखकानं वर स्पष्ट मथळा दिला होता की हे फक्त ४.१ च्या आधीच्या डेटाबेसवरून येणाऱ्यांसाठी आहे. पुढे कुणीतरी पानाची मांडणी सुधारताना तीन छोटे विभाग एकत्र करून ‘अपग्रेडची तयारी’ असं एकच नाव दिलं. मथळा गेला, पायऱ्या राहिल्या. म्हणून मला पट्टीचा भरवसा वाटत नाही. इशारा आणि पायऱ्या पानावर शेजारी असतात, पण त्यांचं आयुष्य सारखं नसतं. सुधारणा करणारा हात मथळ्याला सहज लागतो. आज्ञांच्या चौकटीला हात लावायला लोक घाबरतात, कारण त्या चालवून बघितल्याशिवाय बदलणं धोक्याचं वाटतं. मग इशारा झिजून जातो आणि आज्ञा टिकून राहतात.

डॉक्युमेंटेशनमध्ये बाकीही पुष्कळ शिळं असतं, मग अपग्रेडचाच एवढा बाऊ का, असं कुणी विचारेल. एखाद्या मेन्यूचं वर्णन जुनं असलं तर वाचणाऱ्याला तो मेन्यू सापडत नाही, तो दोन मिनिटं शोधतो आणि पुढे जातो. अपग्रेडचं पान वाचणारा माणूस वेगळ्या अवस्थेत असतो. हे काम तो दोन-तीन वर्षांतून एकदा करतो, म्हणून त्याला काही आठवत नसतं. बाहेर कुणीतरी कुलूप लावायला थांबलेलं असतं. वेगळं चाचणीचं मशीन छोट्या जागी नसतंच. तो पान समजून घेत नाही, एकेक ओळ उचलून टाकत जातो, आणि तसं करायलाच तर तुम्ही त्याला ‘पुढील पायऱ्या क्रमानं करा’ असं सांगितलेलं असतं. शिवाय निम्म्या वाटेवर ‘जुना डेटाबेस काढून टाका’ येतं. मेन्यूच्या वर्णनात असं वाक्य कधी येत नाही.

जुनी आज्ञा चालली नाही, तरी नुकसान टळतंच असं नाही. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर बाहेरच्या भांडाराची, म्हणजे जिथून सॉफ्टवेअर उतरवून घेतात त्या जागेची, खरेपणा तपासायची किल्ली ‘एपीटी-की’ या आज्ञेनं जोडायची पद्धत होती. अशी जोडलेली किल्ली सगळ्याच भांडारांसाठी ग्राह्य धरली जायची, म्हणून ती पद्धत मोडीत काढली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती आज्ञाच उरलेली नाही. पण कित्येक सॉफ्टवेअरच्या अपग्रेडच्या पानांवर अजून पहिली ओळ तीच असते. ती टाकली की ‘अशी आज्ञा नाही’ असं उत्तर येतं. पुढे माणूस काय करतो? तपासणीच बंद करून त्या भांडारावर आंधळा विश्वास ठेवायची खूण फाइलमध्ये लिहितो, कारण रात्री दहा वाजता त्याला काम संपवायचं असतं. मी स्वतः दोन ठिकाणी हे निस्तरलं आहे. जुन्या सूचनेनं त्याला अडवलं आणि अडलेल्या माणसानं दार उचकटलं.

तसंच डेबियन ११ च्या वेळी झालं. २०२१ पर्यंत सुरक्षा-अद्यतनांच्या ओळीत आवृत्तीच्या नावापुढे तिरकी रेघ आणि ‘अपडेट्स’ असं असायचं. ११ पासून (तिचं नाव ‘बुल्सआय’) ते नावच बदलून ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ असं झालं. ‘फाइलमध्ये जुन्या आवृत्तीचं नाव आहे तिथे नवं घाला’ ही वर्षानुवर्षं चालत आलेली एका ओळीची सूचना त्या दिवसापासून अपुरी पडली. डेबियननं आपल्या प्रकाशन-टिपणांत हे नीट सांगितलं होतं. दुसऱ्यांनी आपापल्या पानांवर उतरवून ठेवलेली जुनी ओळ मात्र तशीच राहिली.

हे चांगलं कसं करता येतं याचे दाखलेही आहेत, आणि मला ते मनापासून आवडतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या मुक्त डेटाबेसची मंडळी मजकूर ज्या शिस्तीनं काढतात ती शिकण्यासारखी आहे. त्यांच्या डेटाच्या फोल्डरमध्ये ‘पीजी_एक्सलॉग’ आणि ‘पीजी_क्लॉग’ अशी दोन फोल्डरं असायची. नावात ‘लॉग’ बघून लोकांना वाटायचं की या फालतू नोंदी आहेत, डिस्क भरली की उडवाव्यात, आणि मग डेटाबेस उभाच राहायचा नाही. २०१७ मध्ये आवृत्ती १० ला त्यांनी ती नावंच बदलून ‘पीजी_वॉल’ आणि ‘पीजी_झॅक्ट’ केली. जुन्या स्क्रिप्ट मोडणार हे माहीत असूनही केलं. २०१९ मध्ये आवृत्ती १२ ला ‘रिकव्हरी.कॉन्फ’ ही फाइल रद्द केली, तेव्हा ती नुसती दुर्लक्षित ठेवली नाही. ती फाइल सापडली तर सर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो आणि तसं स्पष्ट सांगतो. जुन्या पानावरून काम करणारा पहिल्याच मिनिटाला थांबतो, डेटाला धक्का लागत नाही.

त्यांच्याच ‘पीजी_अपग्रेड’ या साधनाचं पान आवृत्तीगणिक वाचत गेलात तर काढून टाकणं म्हणजे काय ते दिसेल. पूर्वी अपग्रेड संपलं की हे साधन एक छोटी स्क्रिप्ट तयार करायचं, ती चालवून, शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती आकडेवारी पुन्हा गोळा करायची. २०२१ मध्ये आवृत्ती १४ ला ती स्क्रिप्ट बंद झाली आणि मॅन्युअलमधून तिचा उल्लेख गेला. त्या जागी थेट आज्ञा आली. २०२५ च्या आवृत्ती १८ मध्ये बहुतेक आकडेवारी अपग्रेडबरोबर आपोआप पुढे यायला लागली, तर ती पायरी पुन्हा नव्यानं लिहिली: आधी जी राहिली असेल ती गोळा करा. आवृत्ती १५ मध्ये ९.२ च्या आधीच्या आवृत्त्यांवरून थेट यायची सोय काढली, तेव्हा मॅन्युअलमधलं वाक्यही बदललं. कोड गेला, सूचना गेली. आणि ज्याला १३ चं मॅन्युअल हवं आहे त्याला ते १३ चं म्हणून वेगळं मिळतंच, वर ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही असं लिहिलेलं असतं.

इथेच तुमच्यातल्या अनेकांचा आक्षेप येतो, तो मी ऐकला आहे आणि तो प्रामाणिक आहे: “अजून कुणीतरी त्या जुन्या आवृत्तीवर असेल, त्याचं काय?” असतो. मी अशांना भेटतो. गेल्या वर्षी एका वाचनालयात डेबियन ९ चालू असलेलं मशीन सापडलं. पण त्या माणसाला चालू मॅन्युअलमधल्या जुन्या परिच्छेदाचा उपयोग नसतो. तो परिच्छेद नव्या आवृत्तीच्या शेजारी बसून त्याला असं भासवतो की इथून थेट उडी मारता येईल. डेबियनमध्ये ९ वरून १०, १० वरून ११, ११ वरून १२ असंच एकेक पायरी चढावं लागतं, आणि प्रत्येक पायरीची टिपणं त्या त्या आवृत्तीपाशी ठेवलेली आहेत. जुनी पॅकेजंही त्यांच्या संग्रहात मिळतात. मी त्या मशीनवर तसाच गेलो, दोन दिवस लागले, एकही नोंद गेली नाही. जुन्या माणसाची सोय करायची तर जुनं मॅन्युअल जुन्या आवृत्तीखाली पूर्ण ठेवा. चालू मॅन्युअलमध्ये एवढंच लिहा: ‘अमुक आवृत्तीच्या आधीच्यांनी प्रथम तमुक आवृत्तीवर या, तिचं मॅन्युअल इथे आहे.’ ही दोन ओळींची वाट त्याला तुमच्या वीस जुन्या पायऱ्यांपेक्षा लवकर घरी नेईल.

दुसरी अडचण कुणी मोठ्यानं बोलत नाही. दुसऱ्यानं कष्टानं लिहिलेलं पुसायला हात धजत नाही. मीही मराठीतली काही मॅन्युअलं तपासतो, मला तो संकोच कळतो. आपल्याकडे लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतात. पण तुमच्याकडे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं गिट आहे. काढलेली ओळ कुठेही जात नाही, ती कुणी कधी लिहिली हेसुद्धा राहतं. ज्यानं २००५ च्या सुमाराला ते लॅटिन-१ चे उपाय लिहिले, त्याच्या कामाचा मान त्या काळाच्या आवृत्तीत आहे. आमच्या कॉलेजच्या नोंदी पुसून त्याला काय मान मिळाला?

अनुवाद करणाऱ्यांचाही विचार करा. मराठी अनुवादाचं काम करणारे मोजके आहेत, सगळे नोकरी-धंदा सांभाळून रात्री बसतात. मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीनं ठेवणाऱ्या गेटटेक्स्टच्या फाइलमध्ये मूळ वाक्य गेलं की त्याचा अनुवाद आपोआप बाजूला पडतो आणि वाचकाला दिसत नाही. म्हणजे तुम्ही मुळात एक परिच्छेद काढलात, तर सगळ्या भाषांतून तो धोका त्याच दिवशी जातो. उलट तुम्ही तो ठेवलात, तर आमचा एखादा मुलगा पंधरा वर्षांपूर्वीच्या डेटाबेसच्या सूचना सुंदर मराठीत उतरवत बसतो. मी स्वतः असा एक पूर्ण विभाग अनुवादित केला होता. त्या तीन रात्री चालू आवृत्तीच्या पानाला मिळायला हव्या होत्या, जे अजूनही मराठीत नाही.

तेव्हा माझं मागणं तपशिलात सांगायचं तर असं आहे. कोडमधून जुन्या आवृत्तीची सोय काढणारा बदल आणि मॅन्युअलमधून तिच्या सूचना काढणारा बदल एकाच वेळी, एकाच माणसाच्या तपासणीतून जाऊ द्या. पान काढलंत तर पत्ता मारू नका. त्या पत्त्यावर चालू पानाचा रस्ता ठेवा, कारण जुन्या पानांकडे येणारे दुवे वर्षानुवर्षं जमलेले असतात आणि लोक तिथूनच येतात. बॅकअपची पायरी कुठल्याही रूपांतराशी कधीही जोडू नका. बॅकअप म्हणजे आहे तसं, अक्षरालाही हात न लावता. आणि प्रत्येक मोठ्या प्रकाशनाआधी कुणीतरी ते पान हातात घेऊन रिकाम्या मशीनवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवून बघा, मात्र डेटाबेसमध्ये नुसती इंग्रजी नावं भरून नको. त्यात चार मराठी, चार तमिळ, चार अरबी नोंदी असू द्या. आमच्या त्या दिवशीच्या अपग्रेडमध्ये इंग्रजी नोंदी शंभर टक्के बरोबर होत्या. इंग्रजीवर तपासणाऱ्या कुणालाही ती चूक कधीच दिसली नसती, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं त्या पानावर राहिली.

हे काम वाढीव आहे, मला कळतं. त्यातला वाटा उचलायला मी तयार आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे दोन जुनी मशीनं रिकामी असतात. तुमच्यापैकी ज्यांना हवं असेल त्यांच्या अपग्रेडच्या पायऱ्या मी त्यांवर चालवून बघेन, आणि कुठली ओळ आता लागू नाही ते लिहून, ती काढणारा बदल तयार करून पाठवेन. तपासायला कॉलेजच्या त्या नऊ हजार नोंदींची प्रत वापरायची परवानगी मॅडमनी दिली आहे. बदल आला की तो महिनोन् महिने पडून राहू देऊ नका, एवढंच.

आपला नम्र,
ग्रंथालयांचे सर्व्हर सांभाळणारा एक कार्यकर्ता,
सांगली